मातीचा ढीग टाकण्याआधी: उत्खनन करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
प्रागैतिहासिक स्थळांचे उत्खनन करणारे सर्व संचालक,
आणि त्या उत्खननांना परवानगी व निधी देणाऱ्या संस्था

सप्रेम नमस्कार,

तुमच्याकडे एक मागणी आहे आणि ती सुरुवातीलाच मांडते. यापुढे जे कोणते प्रागैतिहासिक स्थळ तुम्ही खणाल, तिथल्या प्रत्येक थरातली, प्रत्येक चुलीतली आणि प्रत्येक खड्ड्यातली माती मोजून बाजूला काढा, ती पाण्यात तरंगवून तिच्यातले वनस्पतींचे अवशेष वेगळे करा, आणि हे काम पहिल्या दिवसापासून आराखड्यात धरा. हंगाम संपत आला, थोडे पैसे उरलेत, मग एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती चार पिशव्या देऊन ते उरकता येत नाही.

मी जळक्या बियांवर काम करते. सूक्ष्मदर्शकाखाली दाणे, तूस, कोळशाचे तुकडे ओळखणे हा माझा रोजचा उद्योग. माझ्या टेबलावर काय यायचे ते मात्र माझ्या हातात नसते. ते तुमच्या चाळणीची भोके ठरवतात. म्हणून हे पत्र तुम्हाला.

हाडे आणि दगडी हत्यारे खणताना हाताला लागतात, डोळ्यांना दिसतात. जळका दाणा मातीच्याच रंगाचा, मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा, आणि बोटांत धरला तर चुरा होणारा. पाच मिलिमीटरच्या चाळणीतून तो मातीबरोबर खाली पडतो आणि टाकाऊ मातीच्या ढिगावर जातो. मग अहवालात प्राण्यांच्या हाडांवर जाडजूड प्रकरण येते आणि वनस्पतींना शेवटी दीड पानाचे परिशिष्ट मिळते. वाचणारा समजतो की ही माणसे मांसावरच जगत होती. प्राचीन आहाराबद्दलच्या कितीतरी ठाम समजुती अशा चाळणीच्या भोकांतून तयार झाल्या आहेत, आणि त्या पुसायला आम्हाला दशके लागत आहेत.

इराणमधल्या अली कोशचे उदाहरण यासाठी मला सर्वांत मोलाचे वाटते. १९६१ च्या पहिल्या हंगामानंतर उत्खननकर्त्यांनी प्राथमिक अहवालात लिहिले की या टेकाडात वनस्पतींचे अवशेष फारसे नाहीत. १९६३ मध्ये ते परत गेले आणि या वेळी माती पाण्यातून काढली. तेच टेकाड, तेच थर, आणि हाती आल्या सुमारे ४०,००० बिया. फ्रँक होल, केंट फ्लॅनरी आणि जेम्स नीली यांनी १९६९ च्या अंतिम अहवालात स्वच्छ कबूल केले की टेकाड वरपासून खालपर्यंत बियांनी भरलेले होते, कमतरता होती ती त्या शोधण्याच्या आपल्या क्षमतेची. ही कबुली प्रत्येक उत्खनन संचालकाने वाचावी असे मला मनापासून वाटते. ‘इथे वनस्पतींचे अवशेष सापडत नाहीत’ असे मला सांगितले जाते तेव्हा माझा पहिला प्रश्न हाच असतो: किती लिटर माती तरंगवली? बहुतेक वेळा उत्तर येते, एकही नाही.

तरंगवण्याची पद्धत नवीन नाही. स्टुअर्ट स्ट्रूव्हर यांनी अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये ती वापरून १९६८ मध्ये तिच्यावर लेख लिहिला. तळाला जाळी लावलेला टब आणि वाहते पाणी, एवढ्यावर त्यांचे काम सुरू झाले होते. त्यानंतर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पंप लावून पाणी खालून वर फिरवणारी यंत्रे आली. तत्त्व तेच राहिले. जळलेली बी हलकी आणि सच्छिद्र असते, ती पाण्यावर येते. वरून वाहणारे पाणी ०.२५ मिलिमीटरच्या जाळीतून जाऊ द्यायचे, जाळीवर जे राहील ते कापडात बांधून सावलीत हळूहळू वाळवायचे. उन्हात घाईने वाळवले की दाण्यांना चिरा जातात. जड गाळ आत दुसऱ्या जाळीवर बसतो, आणि तो फेकायचा नसतो. त्यात बारीक हाडे, माशांचे मणके, मणी, दगडाच्या कपच्या आणि काही जड दाणे असतात. माती फार चिकट असेल तर आधी सोडा घातलेल्या पाण्यात भिजवावी लागते. आपले यंत्र खरेच काम करते का हे तपासायचे असेल तर मातीत खसखशीचे मोजून घेतलेले जळके दाणे टाका आणि शेवटी किती परत आले ते मोजा. ही चाचणी कोणीही करू शकतो, आणि तिचा आकडा अहवालात असायलाच हवा.

यात एकच गोष्ट अशी आहे की जिच्याशिवाय पुढचे सगळे काम वाया जाते: मातीचे आकारमान. दहा लिटरमधून पन्नास दाणे आले की शंभर लिटरमधून, यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. माझ्याकडे पिशव्या येतात त्यांतल्या अनेकांवर खड्ड्याचा क्रमांक असतो, तारीख असते, सही असते, आणि लिटरचा रकाना कोरा असतो. त्या दाण्यांची नावे मी सांगू शकते. ते तिथे जास्त होते की कमी, हे सांगू शकत नाही. ब्रिटनमधल्या हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा-संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत एका नमुन्यासाठी ४० ते ६० लिटर माती, आणि खड्डाच लहान असेल तर त्यातली सगळी माती घ्यावी असे म्हटले आहे. प्रत्येक स्थळाला हेच माप लागू पडेल असे नाही. पण मूठभर मातीची प्लास्टिकची पिशवी म्हणजे नमुना नव्हे, हे तरी त्यातून लक्षात यावे.

आणि फक्त काळी माती उचलू नका. राखेचा काळा पट्टा दिसला की तेवढीच माती घ्यायची, हा मोह मला समजतो, तिथे हमखास काहीतरी सापडते. पण मग आमच्या हाती येतात ते अपघात: कधीतरी जळालेले एक कोठार, एकदा करपलेला एक घाणा. रोजच्या जगण्याचे अवशेष घराच्या जमिनीवरच्या राखाडी, कंटाळवाण्या दिसणाऱ्या थरांत विखुरलेले असतात. मळणी कुठे झाली, पाखडणी कुठे झाली, चूल कुठे झाडून टाकली, हे त्या साध्या थरांच्या तुलनेतूनच कळते. एखाद्या नमुन्यात काहीच मिळाले नाही, तर तीही नोंदच आहे.

आता वादी कुब्बानियाबद्दल. इजिप्तमध्ये अस्वानजवळच्या या खोऱ्यात फ्रेड वेन्डॉर्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सुमारे १८,००० वर्षांपूर्वीच्या वसाहतींत बार्लीचे दाणे सापडले. जवळच दगडी पाटे होते. १९७९ मध्ये ही बातमी मोठी ठरली, कारण तिचा अर्थ शेतीच्या हजारो वर्षे आधी नाईलकाठी धान्य दळले जात होते असा होत होता. पुढे एकेका दाण्याचे थेट कालमापन करण्याचे तंत्र आले. काही मिलिग्रॅम कार्बनवर चालणाऱ्या या तंत्राने तेच दाणे तपासले आणि १९८४ मध्ये त्याच गटाने जाहीर केले की ते ५,००० वर्षांपेक्षाही अलीकडचे आहेत. वरच्या थरातून, भेगांतून, बिळांतून ते खाली उतरले होते. आपलाच शोध अशा रीतीने मागे घेणाऱ्या त्या गटाबद्दल मला फार आदर आहे.

पण खरी गंमत त्यापुढे आहे. बार्ली गेली, तरी पाटे तिथेच होते. मग त्यांच्यावर काय दळले जात होते? पुरावनस्पती-अभ्यासक गॉर्डन हिलमन यांनी तिथले जळके, बेढब, बियांसारखे न दिसणारे तुकडे घेतले आणि ते काय आहेत याचा छडा लावला. त्यांत नागरमोथ्याचे कंद होते. जून कंद कडवट आणि तंतुमय असतात, ते वाटून, धुऊन, भाजून खाण्याजोगे करावे लागतात. पाट्यांचा उलगडा तिथे झाला. कंदाच्या तुकड्याला बीसारखा ठरलेला आकार नसतो, तो ओळखावा लागतो पेशींच्या रचनेवरून, आणि त्यासाठी जॉन हॅदर यांच्यासारख्या अभ्यासकांनी आजच्या कंदमुळांचे संग्रह जाळून, कापून, तुलना करून पद्धत बसवली. म्हणून सांगते, वर्गीकरण करताना ‘अनोळखी गोळे’ असे लिहून बाजूला ठेवलेली डबी फेकू नका. बीच नाही म्हणून ज्या वनस्पतींची कुठेही नोंद झाली नाही, त्या सगळ्या त्या डबीत आहेत.

अशाच एका डबीतून जॉर्डनमधल्या शुबायका येथे भाकरीसारख्या पदार्थाचे तुकडे सापडले. सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीच्या चुलींतल्या राखेत अमाया आरांथ-ओताएगी यांना २४ जळके कण मिळाले. डोळ्यांनी पाहिले तर कोळशाचे खडे वाटावेत असे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत बारीक बुडबुड्यांची पोकळी दिसली, दळलेल्या पिठाचे कण दिसले, आणि जंगली एकदाणी गव्हाबरोबर पाणवनस्पतीच्या कंदांचे पीठही असल्याचे आढळले. शेती सुरू होण्याआधी सुमारे ४,००० वर्षे कोणीतरी पीठ मळले आणि भाजले. २०१८ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा जगभर चर्चा झाली. मला सर्वांत मोलाची वाटली ती त्या चुलींतली सगळी राख जपून घेणाऱ्या हातांची शिस्त.

इराकमधल्या शानिदार गुहेतल्या जळक्या अन्नावशेषांचेही तसेच आहे. सुमारे ७०,००० वर्षांपूर्वी, म्हणजे निअँडरथल तिथे राहत होते तेव्हाच्या थरांतही, डाळवर्गीय बिया भिजवून कुटून शिजवल्याच्या खुणा सेरेन काबुकचू यांच्या गटाला २०२२ मध्ये दिसल्या. कडवटपणा काढण्याची ही स्वयंपाकाची युक्ती शेतीच्या किती आधीची आहे! आणि आपण मात्र अजून ‘शिकारी’ हा एकच शब्द पुरेसा मानतो.

शानिदारवरून दुसरी विनंती. उत्खननात सापडलेले दात घासू नका, पाटे धुऊ नका.

हे इतके ठळक लिहावे लागते, कारण स्वच्छ करण्याची सवय उत्खननात खोल मुरलेली आहे. पाटा सापडला की बादलीत बुडवून ब्रशने घासून छायाचित्रासाठी मांडायचा, हा नित्यक्रम. त्या ब्रशाच्या चार फटकाऱ्यांत भेगांतले पिष्टकण जातात. शानिदारच्या तिसऱ्या क्रमांकाच्या निअँडरथलच्या सांगाड्याचे उत्खनन राल्फ सोलेकी यांच्या काळात, १९५० च्या दशकात झाले. त्याच्या दातांवरचे कीटण तसेच राहिले म्हणून पन्नासहून अधिक वर्षांनी, २०११ मध्ये, अमांडा हेन्री आणि सहकाऱ्यांना त्यात खजुराच्या झाडाचे सूक्ष्म सिलिका कण आणि गवतवर्गीय दाण्यांचे पिष्टकण सापडले. त्यांतले काही पिष्टकण शिजल्यामुळे फुगून बदललेले होते. गॅलिली सरोवराकाठच्या ओहालो येथे २३,००० वर्षांपूर्वीच्या झोपडीतल्या एका दगडावर जंगली बार्लीसारख्या गवतांचे पिष्टकण मिळाले. सुदानमध्ये खार्तूमजवळच्या अल खिदाय येथे दातांच्या कीटणाने सांगितले की लोक हजारो वर्षे, शेतीच्या आधी आणि शेती आल्यावरही, नागरमोथ्याचे कंद खात होते. हाडांची रासायनिक तपासणी ‘वनस्पती खाल्ल्या’ एवढेच म्हणते, कीटण कोणत्या खाल्ल्या ते म्हणते. निदान काही दात आणि काही पाटे न धुता, मातीसकट, आसपासच्या मातीच्या वेगळ्या नमुन्यासह ठेवा. तो शेजारचा नमुना नसेल तर दगडावरचे पिष्टकण दळण्यातून आले की मातीतून, हे कोणालाच ठरवता येत नाही.

दमट उष्ण प्रदेशांत काम करणाऱ्यांचे म्हणणे असते की आमच्याकडे बिया टिकतच नाहीत. पापुआ न्यू गिनीतल्या कुक दलदलीकडे पाहा. लागवडीच्या केळीला बी नसते, कंदांना नसते. तरीही तिथल्या मातीतल्या केळीच्या सूक्ष्म सिलिका कणांवरून, म्हणजे फायटोलिथवरून, सुमारे ७,००० ते ६,५०० वर्षांपूर्वी केळीची लागवड होत होती हे टिम डेनहॅम यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवले, आणि दगडी हत्यारांवर अळूचे पिष्टकण ओळखले. जिथे बी नसते तिथे पानाची काच राहते. प्रश्न फक्त कोणती माती, किती, आणि कोणत्या हाताने घेतली, एवढाच. फायटोलिथसाठी लहान चमचाभर माती पुरते, पण चमचा दर वेळी स्वच्छ हवा आणि वर्षानुवर्षे वाऱ्यावर उघडा पडलेला छेद आधी खरवडून काढलेला हवा.

शेती कशी सुरू झाली हे विचारले तर आमच्याकडचा सर्वांत बोलका अवशेष दाणा नाही. तो आहे तूस. जंगली भाताचे, गव्हाचे, बार्लीचे कणीस पिकले की दाणे आपोआप गळतात, देठाशी तुटलेली जागा गुळगुळीत असते. लागवडीच्या पिकात दाणे कणसाला चिकटून राहतात, झोडपूनच काढावे लागतात, आणि तुटलेली जागा खडबडीत असते. हा फरक जेमतेम मिलिमीटरभर तुकड्यावर दिसतो. चीनमधल्या त्येनलुओशान येथे अशा भाताच्या हजारो तुकड्यांची मोजणी झाली. सुमारे ६,९०० ते ६,६०० वर्षांपूर्वीच्या तीनशे वर्षांत न गळणाऱ्या भाताचे प्रमाण २७ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर गेले. त्याच काळात लोक ओकची फळे आणि शिंगाडे गोळा करून खात होते, आणि भाताचा वाटा हळूहळू वाढत होता. एका पिढीत शोध लागला आणि शेती आली, अशी जी गोष्ट सांगितली जाते तिचा पाया या तुकड्यांनी काढून घेतला. आता विचार करा, पाच मिलिमीटरच्या चाळणीत यातले काय उरले असते.

मळणी, उफणणी, पाखडणी, चाळणी या प्रत्येक टप्प्यावर वेगळा कचरा पडतो, हे आम्हाला शिकवले शेतकऱ्यांनी. हिलमन १९७० च्या दशकात पूर्व तुर्कस्तानातल्या आश्वान परिसरात शेतकऱ्यांच्या खळ्यांवर बसून पाहत राहिले की कोणत्या टप्प्याला कोणते तण, किती काडी, किती तूस वेगळे होते. पुढे ग्लिनिस जोन्स यांनी ग्रीसच्या आमोर्गोस बेटावर तेच मोजून पाहिले. म्हणून आज एखाद्या खड्ड्यातले तण आणि दाणे यांच्या प्रमाणावरून आम्ही सांगू शकतो की इथे धान्य आले ते मळणीचे की निवडून ठेवलेले. पुरावनस्पतिशास्त्र प्रयोगशाळेत जन्मले असे कोणाला वाटत असेल, तर त्याचा मोठा हिस्सा खळ्यावर जन्मला आहे.

पर्यावरणाचा प्रश्न येतो तेव्हा तुमच्यापैकी अनेक जण सरोवराच्या गाळातल्या परागकणांकडे बोट दाखवता. ते योग्यच आहे. लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ मध्ये परागकणांचे आलेख मांडले तेव्हापासून जंगलांचा दीर्घ इतिहास त्यातूनच उलगडला. पण सरोवर सांगते सबंध प्रदेशाबद्दल. माणसाने रोज सरपणाला काय तोडले, हे चुलीतला कोळसाच सांगतो. कोळशाचा तुकडा आडवा मोडला की नलिकांची मांडणी दिसते, उभा मोडला की किरण-पेशी, आणि त्यावरून झाडाची जाती, निदान प्रजाती (जवळच्या जातींचा गट), ओळखता येते. खालच्या थरापासून वरच्या थरापर्यंत असे तुकडे मोजत गेले की जवळचे जंगल कसे बदलले याचा क्रम लागतो. मात्र एका मोठ्या ओंडक्याचे शंभर तुकडे म्हणजे शंभर झाडे नव्हेत, म्हणून विखुरलेला कोळसा आणि एकाच चुलीतला कोळसा वेगवेगळा लिहा.

आणि कधीकधी कोळसा नसतो, कारण झाडेच उरलेली नसतात. मग शेण जळते. नाओमी मिलर यांनी इराणमधल्या मल्यान येथे दाखवले की कोळशाच्या तुलनेत बियांचे प्रमाण वाढत गेले, त्याचे एक कारण सरपण संपत जाऊन शेणाच्या गोवऱ्यांवर भिस्त वाढणे हे होते. म्हणजे चुलीतल्या अनेक बिया माणसाच्या ताटातल्या नसून जनावरांच्या पोटातून आलेल्या. सापडली बी की ती ‘आहार’ म्हणून लिहून मोकळे होण्याची घाई आमच्याही लोकांत आहे, आणि ती थांबायला हवी. पण ते ठरवायला आम्हाला संदर्भ लागतो: बी चुलीत होती, फरशीवर, की उकिरड्यात? तो फक्त तुम्ही देऊ शकता.

जळक्या दाण्याच्या आतही माहिती असते. युरोपातल्या १३ नवाश्मयुगीन स्थळांवरच्या धान्य-कडधान्यांतल्या नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून, एमी बोगार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले की त्या पहिल्या शेतकऱ्यांपैकी अनेक जण शेतात शेणखत घालत होते. खत घातलेली जमीन लोक सहजी सोडत नाहीत. दाण्यातल्या त्या अणूंवरून जमिनीच्या मालकीबद्दल, वारशाबद्दल विचार करता येऊ लागला. यासाठी दाणे मोजणीनंतर जपून ठेवलेले असावे लागतात.

आता निधी आणि परवानगी देणाऱ्यांना. तुमच्या अर्जात छायाचित्रण, आरेखन, मजुरी, वाहतूक, कालमापन यांचे रकाने आहेत. माती तरंगवणे, नमुने निवडणे आणि ओळखणे यांचा रकाना नसतो, किंवा ‘इतर’मध्ये असतो. उत्खननाच्या एका महिन्यातून निघालेले नमुने नीट निवडायला आणि ओळखायला अनेक महिने जातात, हे कुणीतरी तुम्हाला स्पष्ट सांगायला हवे होते. उत्खनन संपले की पैसाही संपतो, आणि सुतळीने बांधलेल्या पिशव्या एखाद्या कपाटावर चढतात. माझी तुम्हाला विनंती आहे की परवाना देतानाच नमुन्यांची योजना मागा, आणि ती नसेल तर अर्ज परत करा. तुलनेसाठी लागणारे आजच्या बियांचे आणि लाकडांचे संग्रह, ते सांभाळणारी माणसे, यांनाही थोडे पैसे द्या. संग्रहाशिवाय सूक्ष्मदर्शक आंधळा आहे.

संग्रहालयांना स्वतंत्र सांगायला हवे. साठवणुकीची जागा कमी पडली की सगळ्यांत आधी नजर जाते नक्षी नसलेल्या खापरांच्या पेट्यांवर आणि न निवडलेल्या मातीवर. पूर्व सुदानमध्ये १९८० च्या दशकात गोळा केलेल्या साध्या खापरांत कुंभाराने मातीत मिसळलेल्या तुसाचे ठसे होते. त्यांचे सिलिकॉनचे साचे घेऊन २०१७ मध्ये सिद्ध झाले की इसवी सनपूर्व चौथ्या सहस्रकात तिथे ज्वारीची लागवड होऊ लागली होती. ज्वारीच्या लागवडीचा हा सर्वांत महत्त्वाचा पुरावा साध्या खापरांत दडला होता, आणि ती खापरे तोपर्यंत कोणी फेकली नव्हती.

सीरियातल्या अबू हुरेराचे तर स्थळच आता नाही. तबका धरणाचे पाणी येण्याआधी अँड्र्यू मूर यांनी १९७२ आणि १९७३ असे दोनच हंगाम खणले. वेळ इतका कमी असताना माती तरंगवायची यंत्रणा त्यांनी पहिल्यापासून चालू ठेवली, हिलमन त्यांच्याबरोबर होते. स्थळ पाण्याखाली गेले, ती माती राहिली. तिच्यातून शेतीपूर्व लोकांनी वापरलेल्या शंभराहून अधिक वनस्पतींची यादी झाली. आणि २०२२ मध्ये, सुमारे पन्नास वर्षांनी, अलेक्सिया स्मिथ यांच्या गटाने त्याच जपलेल्या नमुन्यांत शेणातले सूक्ष्म चुनखडी गोलक शोधले आणि दाखवले की शेती रुजण्याच्याही आधी तिथले शिकारी-संकलक जिवंत जनावरे घराजवळ बांधून ठेवत होते. १९७२ मध्ये हा प्रश्न कोणी विचारलेला नव्हता. धरण, घाई, तुटपुंजा पैसा, हे सगळे तिथेही होतेच. तेव्हा आपल्याकडे वेळ नव्हता हे कारण मला यापुढे कोणाकडून ऐकायचे नाही.

पुढच्या हंगामाचा आराखडा तुम्ही आता करत असाल. चर कुठे टाकायचे हे ठरवण्याआधी एका पुरावनस्पती-अभ्यासकाला बैठकीला बोलवा, पाण्याची सोय कुठे आहे ते पाहा, जाळी आणि टाकी मजुरीच्या आधी खरेदीच्या यादीत लिहा, आणि नमुन्यांच्या पिशवीत दोन चिठ्ठ्या टाका, एक आत आणि एक बाहेर, कारण ओलसर मातीत आतली चिठ्ठी कुजते. चिठ्ठीवर थर, खड्डा, तारीख आणि लिटर. पेन्सिलने लिहा, शाई पसरते. माझ्यासारखी अनेक माणसे या कामासाठी यायला तयार आहेत. आम्हाला शेवटच्या आठवड्यात नको, पहिल्या बैठकीला हाक मारा.

आपली,
एक पुरावनस्पती-अभ्यासक